रंगवलेली तबकडी

आई, काल शाळेच्या स्टाफरूममध्ये एका नव्या शिक्षिकेने तिच्या आजोबांचं मनगटी घड्याळ माझ्यासमोर ठेवलं. रुमालात गुंडाळून आणलं होतं. "दीदी, जो लोग पुरानी घड़ियाँ जमा करते हैं, वो देखते क्या हैं?" असं तिने विचारलं, आणि माझ्या तोंडून उत्तर निघालं ते तुझ्याच क्रमाने. आधी तोंड पाहायचं, म्हणजे तबकडी. ती कारखान्यातून निघाली तशीच आहे की कुणी वरून रंगवली आहे. मग धातूच्या कडा, धारदार आहेत की पॉलिश करून करून गोल झाल्या आहेत. मग काटे त्याच वयाचे आहेत का, चावीवर कंपनीची खूण आहे का, आत मशीन मूळचंच आहे की चार घड्याळांचं मिळून एक केलंय. आणि चालतं की नाही हे सगळ्यात शेवटी. तिला नवल वाटलं. "चलती है या नहीं, ये सबसे आखिर में?" मी म्हटलं, हो, बंद पडलेलं चालू करता येतं, पुसलेलं परत आणता येत नाही. एवढं बोलून मी तासाला गेले खरी, पण वर्गात पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना मला पुढचं काही सुचेना. ते वाक्य माझं नव्हतंच. आज सुट्टी आहे, दुपारी घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ते वाक्य तू मला भोपाळच्या स्वयंपाकघरात ऐकवलं होतंस. तुझी घड्याळं स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात असायची. हळदीच्या वाटीत एक, मोहरीच्या वाटीत एक, प्रत्येकाखाली जुन्या पातळाचा मऊ तुकडा. रविवारी जेवणं झाली की ओटा पुसून कोरडा करायचीस, वर पांढरा कपडा अंथरायचीस आणि एकेक उघडायचीस. मी चौथीत की पाचवीत असेन. तू दूध उतू जातंय म्हणून वळलीस आणि मी तुला मदत करावी म्हणून एका तबकडीवरची धूळ ओल्या बोळ्याने पुसली. बोळ्याला काळं लागलं. पाहते तर आठाचा आकडा गेलेला. तू मारलं नाहीस. माझी हनुवटी धरून मला त्या रिकाम्या जागेकडे पाहायला लावलंस. "पाहून घे. मशीन बिघडलं तर नवं आणता येते. हे पुसलं ते पुसलं. आता हे घड्याळ मेलं." मेलं, असं म्हणालीस. मग उरलेला दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस आणि संध्याकाळी मी खेळायलाही गेले नाही. एका आकड्यासाठी एवढा राग, हे मला तेव्हा समजलं नव्हतं, पण लक्षात राहिलं.

डब्यातल्या सगळ्यांत तुझं आवडतं ते नागपूरचं. ते डब्यात कमी आणि तुझ्या हातावर जास्त असायचं. बाईच्या हाताला न शोभणारं, पुरुषी, मोठं. पहिल्या पगारातून सीताबर्डीवर जुनंच घेतलं होतंस, आणि घरी आल्यावर आजोबा म्हणाले होते, "पोट्टीनं सोनं नाही घेतलं, लोखंड घेतलं." घड्याळ स्विस होतं, पण सहाच्या आकड्याखाली, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा बारीक इंग्रजी अक्षरांत, ते मुळात विकणाऱ्या दुकानाचं नाव आणि खाली नागपूर असं छापलेलं होतं. ते दुकान कधीच बंद झालं होतं. तू म्हणायचीस, कंपनीनं हजारो घड्याळं बनवली असतील, ही खालची ओळ असलेली किती उरली असतील कोण जाणे. मुळात पांढरी असलेली तबकडी सायीच्या रंगाची झाली होती आणि कडेला चहाचा कप ठेवल्यासारखी तपकिरी. कुणी म्हणालं की धुवून घ्या, तर तुला हसू यायचं. "मी म्हातारी झाली की मलेही धुवून घेसान काय?"

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. कसं असणार? ते रेल्वेत रायपूरला, तू सरकारी नोकरीत भोपाळला. लग्नानंतर बदलीचे अर्ज करून करून तुम्ही दोघं थकलात आणि मग तसंच राहायची सवय झाली. ते दिवाळीला यायचे, मे महिन्यात आपण जायचो. ते आले की तू डबा फडताळात वर ठेवून द्यायचीस. ते तुझ्यासाठी दर वेळी हिरवी साडी आणायचे, कारण पहिल्या वर्षी तू हिरवी छान आहे म्हणाली होतीस. मग नवं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी. तुझ्या ऑफिसातल्या बायका रायपूरला जावं लागेल म्हणून रडत होत्या आणि तू एकटी आपण होऊन नाव देऊन आलीस. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, जुन्या वस्तीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गच्ची, एवढं घर मिळालं. केस पांढरे व्हायला लागलेली दोन माणसं पहिल्यांदा संसार मांडत होती. बाबांना तू चहात साखर घेत नाहीस हे माहीत नव्हतं. तुला ते झोपेत बोलतात हे माहीत नव्हतं. सकाळी गच्चीवर तुम्ही दोघं पाहुण्यांसारखे समोरासमोर बसायचात आणि "घ्या ना", "तू घे ना" करायचात. मी आत हसायचे. आता ते आठवलं की हसू येत नाही.

तुझ्या नव्या ऑफिसात मी एकदा चष्मा द्यायला आले होते. भोपाळहून ट्रकने आलेल्या फायलींचे गठ्ठे व्हरांड्यात पडले होते, खुर्च्या पुरत नव्हत्या, कुणाला कुठे बसायचं ठाऊक नव्हतं. तू एका खोक्यावर बसून काम करत होतीस, आणि जो येईल त्याच्या तोंडाआधी त्याच्या मनगटाकडे पाहत होतीस. एक साहेब चकाकतं घड्याळ घालून गेले. तू माझ्या कानाशी वाकलीस. "लिपापोती हाये. काटे म्हातारे अन् तोंड कालचं." आपण दोघी फायलींच्या आड तोंडाला पदर लावून हसलो. तो चष्मा मात्र तुझ्या उपयोगाचा नव्हता, हे आपल्याला पुढच्या वर्षी कळलं. दरवाजाच्या चौकटीला खांदा लागू लागला, कडेला ठेवलेला पेला पडू लागला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि म्हणाले, जेवढं गेलं ते परत येणार नाही, उरलेलं राखू. उरलेलंही राहिलं नाही. घड्याळ उजव्या डोळ्याशी नेऊन तू बराच वेळ पाहायचीस, मग खाली ठेवायचीस आणि अंगठा फिरवायचीस. पट्टा जिथे अडकतो ते चार कान, त्यांच्या कडा, काचेचा उंचवटा, चावीचे दात. डब्यातलं कुठलंही हातात दिलं तरी ओळखायचीस. कानाशी धरून म्हणायचीस, "हे तेलावर आलं," म्हणजे आतलं तेल सुकलं. फायली वाचता येईनात तेव्हा तू नोकरीची काही वर्षं शिल्लक असताना राजीनामा दिलास.

ऑफिसातला शेवटचा दिवस झाला त्या संध्याकाळी बाबा शहराबाहेरच्या भनपुरीहून उशिरा आले, घामाने भिजलेले, आणि चेहरा असा की जणू लहान मुलाने परीक्षेत पहिला नंबर काढलाय. त्या महिन्यात नागपूरचं घड्याळ "सर्व्हिसिंगले देतो" म्हणून त्यांनी तुझ्याकडून मागून नेलं होतं. ते त्यांनी तुझ्या हातावर ठेवलं. मी पाहिलं. तबकडी पांढरीशुभ्र. तिच्यावर जाड, काळे, ठसठशीत आकडे. काटेही काळे रंगवलेले. धातू आरशासारखा चमकत होता. "तिकडं एक कारीगर आहे," बाबा सांगत होते, "त्याले म्हटलं, पुरं फिकं पडलं आहे, बाईले दिसत नाही. एकदम पांढरं कर, अन् आकडे असे काढ का दुरूनही दिसले पाहिजे. आता पाह्य बरं, दिसते का?" तू घड्याळ हातात घेतलंस. तुझा अंगठा एका कानावरून गेला, मग दुसऱ्या, मग मागे येऊन पुन्हा पहिल्यावर थांबला. कडा उरल्याच नव्हत्या. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. तू ते डोळ्याशी नेलंस आणि म्हणालीस, "दिसते ना. आकडे दिसून राहिले. किती छान केलं हो." बाबा खाली बसले आणि त्यांनी डोळे पुसले. माझ्या आठवणीत त्यांना रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

नंतर स्वयंपाकघरात तू मेथी खुडत होतीस. मी दार लोटून घेतलं. तू मान वर न करता विचारलंस, "खालची ओळ आहे का वं?"

मी घड्याळ ट्यूबलाइटखाली धरलं. "नाही."

"नागपूर?"

"नाही आई. काहीच नाही. नुसतं पांढरं."

पानं देठापासून वेगळी होत राहिली. मग तू म्हणालीस, "यायच्यापाशी काही बोलू नको."

"पण आई, एक आकडा पुसला होता तर मला तू..."

"तू माह्याजवळ वाढली. तुले माहीत असाले पाहिजे होतं," तू म्हणालीस. "यायले कोण सांगणार होतं? मीच नाही सांगितलं कधी. हे आले का डबा वर ठेवून देत होती. माणसाले काय आवडते हे समजाले एका घरात राहा लागते. आता कुठं राहून राहिलो." मग थोड्या वेळाने, जणू माझीच समजूत काढावी तसं, "मशीन तर तेच आहे. आयक बरं, तोच आवाज आहे." मी कानाशी धरलं. मला सगळ्या घड्याळांचा आवाज सारखाच वाटायचा. मी हो म्हटलं.

त्यानंतर तू दुसरं कुठलं घातलंच नाहीस. बाबाही निवृत्त झाले आणि दिवसभर घरी राहू लागले. गच्चीवरून, बाहेरच्या खोलीतून, न्हाणीघरातूनसुद्धा ते हाक मारायचे, "अवं, किती वाजले?" भिंतीवर घड्याळ असायचं त्यांच्या समोर. तू मनगट उजव्या डोळ्यापाशी न्यायचीस, क्षणभर थांबायचीस आणि सांगायचीस, "साडेदहा होऊन राहिले." बरोबर असायचं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचे, हिला काही दिसत नाही, पण या घड्याळात दिसतं. मीही तेच समजत होते. मग एकदा तुला ताप आला होता. बाबांनी खालून आवाज दिला, तू मनगट वर नेलंस आणि म्हणालीस, "चार वाजत आले." मी तुझ्या कपाळावरची पट्टी बदलत होते. घड्याळ माझ्या अगदी समोर होतं. काटे सातावर थांबले होते. तापात तू सकाळी चावीच दिली नव्हतीस. खाली गल्लीत नळ आले होते, बायकांच्या बादल्या वाजत होत्या, म्हणजे चार वाजत आले होते. बादल्या, देवळातली घंटा, समोरच्या घरातल्या टीव्हीवरच्या बातम्या, शाळेतून परतणाऱ्या रिक्षा, यांच्यावरून तू वेळ सांगत होतीस. कधीपासून, ते मी विचारलं नाही. बहुतेक पहिल्या दिवसापासून. माझा हात थांबला असणार, कारण तू हलकेच मनगट पांघरुणाखाली घेतलंस आणि तिथेच चाचपून चावी देऊ लागलीस.

तू गेलीस तेव्हा पाऊस संपत आला होता. न्यूमोनिया झाला आणि आठवडाभरात सगळं उरकलं. बाबांनी ते घड्याळ आपल्या हातावर बांधलं. मी लग्न होऊन तेलीबांध्याला, तलावाजवळच्या नव्या इमारतींत राहायला आले होते, त्यांनाही इकडे आणलं. सकाळी तलावाला एक फेरी, मग पेपर, मग दिवसभर खिडकी. एके दिवशी त्यांनी पेपरात वाचलं की तलावासमोरच्या कॉफीच्या दुकानात जुन्या घड्याळांचे शौकीन जमतात. "आपल्याले विकायचं नाही," ते म्हणाले, "दाखवून येऊ. तुझ्या आईच्या घड्याळाले चार लोकांनी चांगलं म्हटलं तर बरं वाटन." मी टाळलं, पुढच्या महिन्यावर ढकललं, पण ते विसरले नाहीत. इस्त्रीचा सदरा घालून, डावी बाही एक घडी वर करून ते निघाले.

टेबलावर निळं मखमल अंथरलं होतं. पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे भैया म्हणत होते. माणूस वाईट नव्हता गं, हे मला तुला सांगायचं आहे. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, घड्याळ दोन्ही हातांनी घेतलं, भिंग लावलं. मग तुझ्यासारखाच त्यांचा अंगठा कानांवरून फिरला आणि मी खाली पाहिलं. "अरे बाबूजी," ते हळहळले, "ये तो री-डायल है. केस भी घिस-घिसकर पॉलिश किया हुआ है. इस मॉडल में तो नीचे दुकान का नाम भी आता था कभी-कभी. अच्छी-खासी घड़ी थी, किसने बर्बाद कर दी?"

बाबा म्हणाले, "मैंने."

त्या भल्या माणसाचा चेहरा पडला. मशीन फार उत्तम आहे, असं ते दोन-तीनदा म्हणाले, कॉफी मागवली. बाबांनी कॉफी संपवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन तलावाच्या काठी बाकावर बसले. समोर पोरं सायकली फिरवत होती. बाबांनी विचारलं, "तुझ्या आईले माहीत होतं?"

काही बोलू नको, असं तू मला सांगितलं होतंस. पण ते माझ्याकडे असे पाहत होते की खोटं बोलता आलं नाही. "हो बाबा. हातात घेतलं तेव्हाच."

"अन् तरी रोज घालत होती?"

"रोज."

ते घड्याळाकडे पाहत राहिले. "मले एका शब्दानं नाही बोलली," ते म्हणाले. "मी त्या कारीगराच्या समोर दिवसभर बसून होतो. म्हटलं आकडे अजून मोठे कर, अजून मोठे कर." मग एकदम माझा हात धरला. "पण तिले दिसत तर होतं ना? वेळ तर बरोबर सांगत होती."

"दिसत होतं, बाबा," मी म्हटलं. "त्याच्यातच दिसत होतं."

त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. घरी आल्यावर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मसाल्याचा डबा काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "तिनं तुले काय काय शिकवलं, सांग मले. पहिल्यापासून." मी सांगू लागले. आधी तोंड, मग कडा. ऐंशीच्या घरातले बाबा भिंग घेऊन सरकारी कारखान्यात बनलेल्या जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर वाकायचे, दोन काट्यांवरच्या, अंधारात चमकणाऱ्या चुन्याचा रंग जुळतो का पाहायचे, चुकायचे, पुन्हा विचारायचे. पुढच्या महिन्यात ते स्वतःहून त्या कॉफीच्या दुकानात गेले. मग दर महिन्याला. नवा कुणी आला आणि त्याने मनगटाकडे पाहिलं की बाबाच आधी सांगायचे, "री-डायल है. मैंने ही करवाया था, पत्नी के लिए." कधी न लाजता, कधी आवाज न चढवता. एकदा गाडीतून परत येताना मला म्हणाले, "आता ती असती तर दोघं मिळून गेलो असतो. मले आता समजते थोडंफार." मी खिडकीची काच वर केली. असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी तलावाची फेरी मारून आले, चप्पल काढली आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

डब्यातली बाकीची घड्याळं मी त्या दाढीवाल्या भैयांना देऊन टाकली. त्यांना त्यांची किंमत कळते. हे एक, नागपूरचं, माझ्यापाशी आहे. आधी ठरवलं होतं की बाबांशी जे बोलले आणि जे बोलले नाही, ते तुला सांगून मोकळं व्हावं. एवढं लिहिलं, आता हे पाकिटात घालायचा प्रश्न नाही आणि फाडावंसंही वाटत नाही. उद्या ती शिक्षिका पुन्हा विचारेल, मीही पुन्हा सगळं सांगेन, आणि तिला वाटेल की दीदींना घड्याळांचं केवढं वेड आहे. मला घड्याळं कधीच आवडली नाहीत, आई. तुझ्या शेजारी ओट्यापाशी बसायला मिळायचं, म्हणून मी ते सगळं शिकले.